‘सी’ सर्टिफिकेटनं नेमकं कुठलं दार उघडतं?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं :

“यंदा मेकॅनिकल इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. कॉलेजात एनसीसीची नोटीस लागली आहे, आर्मी विंग आणि नेव्हल विंग दोन्ही. सीनियर मुलं म्हणतात, नेव्हल विंगचं ‘सी’ सर्टिफिकेट काढ, मग परीक्षाबिरीक्षा काही नाही, थेट नौदलात अधिकारी. बाबा म्हणतात, परेडच्या नादात एटीकेटी लागेल आणि धड इंजिनियरही होणार नाहीस. मला चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना उणे पावणेदोन. पोहता येतं, पण स्विमिंग पूलमध्ये शिकलेलं. समुद्र पाहिलाय तो सुट्टीत दमणला. मी काय करावं?”

नेव्हल विंग घे. नाव याच वर्षी नोंदव, पुढच्या वर्षावर ढकलू नकोस. मात्र सीनियर मुलांचं ‘थेट’ डोक्यातून काढून टाक, आणि बाबांचा एटीकेटीचा मुद्दा त्यांना वाटतो त्याहूनही खरा आहे हे लक्षात ठेव. दोघंही अर्धं बरोबर सांगतायत.

‘थेट’ची अफवा येते कुठून, ते आधी पाहू. भूदलाची एनसीसी स्पेशल एन्ट्री नावाची योजना आहे. तिच्यात एनसीसीच्या तीन वर्षांनंतर मिळणारं ‘सी’ सर्टिफिकेट असलेल्या पदवीधराला लेखी परीक्षा नसते, निवड झाली की चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी. नौदलातही एनसीसीवाल्यांसाठी जागा आहेत, पण ओंजळभर. यूपीएससीची सीडीएसची, म्हणजे पदवीधरांसाठीच्या सैन्याधिकारी भरती परीक्षेची, जाहिरात उघडून बघ. केरळातल्या एळिमलाच्या नौदल अकादमीच्या जागांपुढे कंसात लिहिलेलं असतं की यातल्या इतक्या जागा एनसीसीच्या नेव्हल विंगच्या ‘सी’ सर्टिफिकेटधारकांच्या. हा आकडा सहसा एकेरीच असतो, आणि त्यावर देशभरातल्या नेव्हल युनिट्समधली मुलं डोळा ठेवून असतात. दोन्ही योजनांत सूट मिळते ती लेखी परीक्षेची. एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची, पाच दिवसांची मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी कुणालाच चुकलेली नाही. गाळणी खरी तिथेच लागते.

तुझ्यासमोर रस्ते तीन आहेत. पहिला हा एनसीसीच्या राखीव जागांचा : सर्टिफिकेट नेव्हल विंगचंच हवं, किमान ‘बी’ ग्रेड हवी, पदवी इंजिनियरिंगची हवी आणि अर्ज आपल्या एनसीसी युनिटमार्फत वर जातो. दुसरा सीडीएसची लेखी परीक्षा. ती वर्षातून दोनदा होते, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि प्राथमिक गणित असे शंभर-शंभर गुणांचे तीन पेपर, प्रत्येकी दोन तास, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. नौदल अकादमीसाठी इथेही इंजिनियरिंगची पदवीच लागते, साध्या बीएस्सीवर भूदलाची अकादमी मिळते, नौदलाची नाही. तिसरा शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या अधिकारीपदाचा, आणि आमच्या मते तुझ्यासारख्या मुलाचा मुख्य रस्ता तोच. जागा तिथे सर्वांत जास्त, शाखा अनेक, आणि कुठल्याही विंगचं ‘सी’ सर्टिफिकेट किमान ‘बी’ ग्रेडचं असेल तर एसएसबीला बोलावण्याच्या कट-ऑफमध्ये ५ टक्क्यांची सवलत. तिन्ही रस्त्यांवर एकाच वेळी चालता येतं. तुझ्या घरात किंवा वर्गात मुलगी याच विचारात असेल तर तिलाही शॉर्ट सर्व्हिसचाच रस्ता सांग, बहुतेक शाखा मुलींना खुल्या आहेत. आणि कॉमर्सच्या मित्रांना सांग की नुसत्या बीकॉमवर काही होत नाही. प्रथम वर्ग आणि वर फायनान्स, लॉजिस्टिक्स किंवा मटेरियल मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा असेल तर लॉजिस्टिक्स शाखेचा अर्ज भरता येतो.

आता बाबांचा मुद्दा. शॉर्ट सर्व्हिसला एसएसबीचं बोलावणं पदवीच्या गुणांवर येतं. शेवटच्या वर्षाच्या मुलाचे पाचव्या सेमिस्टरपर्यंतचे गुण धरतात. वेगवेगळ्या विद्यापीठांचे गुण एका पट्टीवर आणण्याचं सूत्र नौदलानं आपल्या भरतीच्या संकेतस्थळावर दिलेलं आहे, ते एकदा तरी बघ. ‘शेवटच्या वर्षी रेटून अभ्यास करू’ हा हिशेब इथे चालत नाही, कारण सातव्या-आठव्या सेमिस्टरचे गुण यायच्या आत यादी लागलेली असते. पहिल्या वर्षाचं गणित आणि ग्राफिक्स, जे सगळे ‘काढू कसंतरी’ म्हणून सोडतात, ते तुझ्या पाच सेमिस्टर्सपैकी दोन आहेत. म्हणजे सध्या तू ज्या बाकावर बसला आहेस, तिथूनच मोजणी सुरू झाली आहे.

५ टक्क्यांच्या सवलतीबद्दल मुलांचा हमखास घोटाळा होतो. ही सवलत कट-ऑफमध्ये आहे, पात्रतेत नाही. एक्झिक्युटिव्ह शाखेच्या जनरल सर्व्हिसला, म्हणजे जहाजावरच्या सर्वसाधारण अधिकाऱ्याच्या कामाला, बीई किंवा बीटेकमध्ये किमान ६० टक्के लागतात. तुझे ५८ असतील तर ‘सी’ सर्टिफिकेटची चौकट भिंतीवर टांगून ठेव, अर्जात तिचा उपयोग नाही. पायलट किंवा नेव्हल एअर ऑपरेशन्स हवं असेल तर दहावी आणि बारावीतही ६० टक्के आणि दोहोंपैकी एका परीक्षेत इंग्रजीत ६० लागतात. तुझे किती होते ते पत्रात लिहिलेलं नाहीस, आजच काढून बघ.

एनसीसीचं वेळापत्रक आणि इंजिनियरिंगचं वेळापत्रक यांची सांगड कशी बसते, ते आता नीट समजून घे, कारण याच वर्षी नाव नोंदव असं म्हणण्याचं कारण त्यातच आहे. ‘सी’च्या आधीच्या ‘बी’ सर्टिफिकेटला दोन वर्षं, ‘सी’ला तिसरं. परीक्षा साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास होतात, आणि सर्टिफिकेट हातात पडायला पुढे आणखी काही महिने जातात. पहिल्या वर्षी नाव नोंदवलंस तर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला ‘सी’ची परीक्षा, आणि शेवटच्या वर्षाला लागशील तेव्हा पाच सेमिस्टर्सचे गुणही तयार आणि सर्टिफिकेटही. दुसऱ्या वर्षी नोंदवलंस तर ‘सी’ची परीक्षा थेट आठव्या सेमिस्टरच्या तोंडावर, आणि सर्टिफिकेट येईपर्यंत पहिल्या दोन-तीन जाहिराती हातच्या गेलेल्या. वय थोडंच आहे, सीडीएसला चोविशीच्या आसपास दार बंद होतं. एक वर्षाची ढकलाढकल इथे फार महाग पडते. राखीव जागांना आणखी एक मेख आहे : एनसीसीतून डिस्चार्ज होऊन ठरावीक महिन्यांपेक्षा जास्त काळ झालेला चालत नाही. पदवी घेतली, वर्षभर कंपनीत नोकरी केली, मग आठवण आली, असं होऊ देऊ नकोस.

‘सी’च्या वाटेत मुलं अडखळतात ती परीक्षेत नव्हे, हजेरीत आणि कॅम्पात. हजेरी ७५ टक्के लागते, आणि ती दर वर्षाची वेगळी मोजतात, पहिल्या वर्षी शंभर टक्के भरून तिसऱ्या वर्षी भरपाई होत नाही. कॅम्प ‘बी’ला किमान एक आणि ‘सी’ला दोन. वार्षिक कॅम्प दहा दिवसांचा असतो आणि तो तुझ्या मिड-सेमिस्टर परीक्षेवर येऊन आदळण्याची शक्यता भरपूर. असं झालं की मुलगा म्हणतो, पुढचा करू. पुढचा भरलेला असतो किंवा मुलींचा असतो. वर्षअखेर कॅम्प शून्य, ‘बी’ला बसता येत नाही, आणि ‘सी’ आपोआप एक वर्ष पुढे. म्हणून सत्र सुरू झाल्याबरोबर युनिवर्सिटीचं परीक्षेचं वेळापत्रक घेऊन कॉलेजच्या एएनओंना, म्हणजे एनसीसी सांभाळणाऱ्या प्राध्यापकांना भेट. उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीतल्या कॅम्पसाठी नाव आधीच लिहून दे. तोंडी नको, लेखी दे आणि एक प्रत स्वतःजवळ ठेव. पहिला कॅम्प पहिल्याच वर्षी उरकून टाकणारा कॅडेट पुढची दोन वर्षं निवांत असतो.

कॉलेजातल्या नेव्हलच्या जागा भरल्या असतील तर? आर्मी विंगमध्ये जा, रुसून घरी बसू नकोस. राखीव जागांचा रस्ता तेवढा बंद होतो, शॉर्ट सर्व्हिसची ५ टक्क्यांची सवलत तशीच राहते, आणि भूदलाची एन्ट्री खिशात असतेच. नेव्हलची जागा दुसऱ्या कुठल्या मार्गानं मिळते का हे विचारायचं असेल तर एनसीसीच्या बडोदा ग्रुप हेडक्वार्टर्सच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचार. कॉलेजच्या कट्ट्यावर याचं उत्तर मिळणार नाही, मिळालं तर चुकीचं मिळेल.

समुद्र नाही म्हणून कमी पडेन ही तुझी भीती मात्र सोड. नेव्हल विंगमध्ये शिकवतात त्यातलं बरंचसं मैदानावर, वर्गात आणि तळ्यात होतं : गाठी, सेमाफोरचे झेंडे, जहाजाची मॉडेलं, बोट पुलिंग, शिडाची बोट, होकायंत्र आणि नकाशा. निवड झाली तर शिप अटॅचमेंटच्या कॅम्पात खऱ्या जहाजावर राहायलाही मिळतं, त्यासाठी नाव देत राहा.

बोट पुलिंगचं जरा जवळून सांगतो, कारण पुढे मुलाखतीत हेच उपयोगी पडतं. नेव्हल विंगची व्हेलर बोट सत्तावीस फुटी असते, वल्ही पाच. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. वल्हवणारे पाचही जण तोंड मागे करून बसतात, म्हणजे बोट जिकडे चालली आहे तिकडे त्यांची पाठ असते, पुढचं फक्त सुकाण्यावरच्या कॉक्सनला दिसतं. सुकाण्याच्या सर्वांत जवळचा तो ‘स्ट्रोक’. ताल तो धरतो, आणि बाकी चौघांनी डोळे त्याच्या पाठीवर ठेवायचे, स्वतःच्या वल्ह्याकडे बघायचं नाही. नवा कॅडेट इथेच चुकतो. तो मान वळवून आपलं पातं पाण्यात नीट जातंय का बघतो, अर्धा क्षण मागे पडतो आणि त्याचं वल्हं मागच्याच्या वल्ह्यावर खटकन आपटतं. दुसरी चूक जोराची. सगळी ताकद लावून पातं खोल घातलं की पाणी ते पकडून ठेवतं, बोट पुढे जात राहते आणि वल्ह्याची मूठ उलटी येऊन छातीवर बसते. याला ‘क्रॅब पकडणं’ म्हणतात. पातं बुडेल इतकंच आत घालायचं, ओढायचं ते दंडानं कमी आणि पाय रोवून पाठीनं जास्त. पहिल्या आठवड्यात बोटांच्या मुळाशी फोड येतात, कारण मूठ भीतीनं आवळलेली असते. पकड सैल केली की फोडही थांबतात आणि तालही सापडतो.

गाठींपैकी बोलाइन, रीफ नॉट आणि क्लोव्ह हिच या तीन डोळे मिटून बांधता आल्या पाहिजेत. मच्छरदाणीच्या दोरीवर सराव कर. एसएसबीच्या मैदानावर फळी, बल्ली (लाकडी वासा) आणि दोर देऊन अडथळा ओलांडायला सांगतात, तेव्हा बल्लीवर क्लोव्ह हिच पटकन मारणारा एक हात टीमला हवाच असतो.

चष्म्याचं. एक्झिक्युटिव्ह शाखेला बिनचष्म्याची नजर दोन्ही डोळ्यांनी ६/१२ हवी आणि चष्म्यानं ६/६. उणे पावणेदोन नंबराच्या डोळ्याला बिनचष्म्याची ६/१२ गाठणं जड जातं. तांत्रिक, लॉजिस्टिक्स आणि शिक्षण शाखांचे निकष सैल आहेत, आणि तू मेकॅनिकलचा, तेव्हा तांत्रिक शाखेतल्या इंजिनियरिंगचा दरवाजा तुझ्यासाठी तसाही मोठा आहे. तेव्हा या आठवड्यात रावपुऱ्यातल्या असो की अलकापुरीतल्या, नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि तीन गोष्टी लिहून घे : बिनचष्म्याची नजर, चष्म्याची नजर आणि इशिहाराच्या ठिपक्यांच्या पानांवर रंग नीट ओळखता येतात का. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण नंबर कमी करता येतो, रंगांधळेपणा नाही. जहाजाच्या डाव्या अंगाचा दिवा लाल आणि उजव्याचा हिरवा असतो. रात्री समोरून येणारं जहाज कुठल्या कुशीवर आहे हे त्या रंगांवरूनच कळतं, म्हणून नौदल रंगदृष्टीत तडजोड करत नाही. चौथ्या वर्षी मेडिकल बोर्डात हे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

लेसरनं नंबर काढायचा विचार असेल तर घाई नको. शस्त्रक्रिया वयाची वीस वर्षं पूर्ण होण्याआधी झालेली चालत नाही, आणि ती झाल्यावर तपासणीपर्यंत किमान बारा महिने जावे लागतात. अठराव्या वर्षी उत्साहानं लेसिक करून घेतलेली मुलं याच कलमात अडकतात. लेसिक, पीआरके चालतं, जुन्या पद्धतीचं रेडियल केराटॉटॉमी अजिबात नाही. लेसिक झालेल्याला पाणबुडी आणि डायव्हिंग मिळत नाही, हेही ठरवतानाच लक्षात घे. आणि गरब्याच्या हंगामात हौसेनं टॅटू काढायला निघशील, तर कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. दंडावरचा नाही, मानेवरचा नाही.

शरीराबद्दल फार लिहीत नाही. यूपीएससीच्या जाहिरातीतच तयारीचा किमान आकडा दिलेला असतो : पंधरा मिनिटांत २ ते ४ किलोमीटर धावणं, दोरीवरच्या उड्या, वीस पुश-अप्स, वीस सिट-अप्स, आठ चिन-अप्स, तीन-चार मीटर दोर चढणं. धावणं आणि पुश-अप्स सगळ्यांना जमतात, घाम फुटतो तो चिन-अप्स आणि दोराला. तू दांडिया बाजारात राहतोस, प्रोफेसर माणिकरावांचा जुम्मादादा आखाडा तुझ्या पायाखाली आहे. जिमच्या मशिनवर पैसे घालण्याआधी मल्लखांब आणि दोर जिथे आहेत तिथे जा. आठ चिन-अप्स शून्यावरून यायला बहुतेकांना चार-पाच महिने लागतात, पंधरा दिवसांत येत नाहीत. कमीत कमी उंची मुलांना १५७ सेंटिमीटर, मुलींना १५२. पोहण्याचं टेन्शन घेऊ नकोस, अकादमीत शिकवतात. पूलमध्ये शिकलेलं पुरेसं आहे.

एसएसबी. नौदलाची बोलावणी बंगळुरू, भोपाळ, कोलकाता, विशाखापट्टणम, कोइम्बतूर अशा ठिकाणी येतात. तुझं भोपाळला आलं तर रतलामवरून रात्रीची गाडी. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग, आणि ज्यांचा नंबर लागत नाही ते संध्याकाळच्या गाडीनं परत. त्या दिवशी आधी बुद्धिचाचणी आणि मग एक धूसर चित्र. तीस सेकंद दाखवतात, एक मिनिटात पात्रं किती, वय, स्त्री की पुरुष, मनःस्थिती कशी हे टिपायचं, चार मिनिटांत गोष्ट लिहायची. मग गटात प्रत्येकानं एक मिनिट आपली गोष्ट सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. शेवटच्या भागात मासळीबाजार होतो. पंधरा मुलं एकाच वेळी ओरडतात. तिथे ओरडणाऱ्यात मिसळलास तर बुडालास, आणि गप्प राहिलास तरी बुडालास. पहिल्या अर्ध्या मिनिटाचा गोंगाट ओसरू दे, मग चित्रातली एखादी निर्विवाद गोष्ट, जसं ‘पात्रं तीनच आहेत, यावर सगळे सहमत आहोत ना?’, शांतपणे मांड. गटाला टेकायला जागा दिलीस की पुढचं सगळे आपोआप तुझ्याकडे बघून बोलू लागतात.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राचे पेपर. अकरा चित्रं आणि एक कोरं कार्ड, प्रत्येकावर चार मिनिटांची गोष्ट. साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंदांत एक वाक्य. साठ प्रसंग, अर्ध्या तासात. शेवटी स्वतःचं वर्णन, पंधरा मिनिटं. क्लासवाले इथे तयार गोष्टी पाठ करायला देतात. बारा चित्रांपैकी सातांत नायक नदीत बुडणाऱ्या मुलाला वाचवतो, आणि चाळीस उमेदवारांच्या वह्यांत तोच मुलगा बुडत असतो. तपासणाऱ्याला ते पहिल्या दोन पानांत कळतं. शिवाय तू नौदलाला निघाला आहेस म्हणून प्रत्येक चित्रात जहाज आणू नकोस. चित्रात शेतातली विहीर असेल तर गोष्ट विहिरीचीच हवी : पंप का बंद पडला, कुणी कुणाला बोलावलं, काय दुरुस्त झालं. मेकॅनिकलचा मुलगा आहेस, पंप तुला येतो. येतं त्याबद्दल लिही.

मग दोन दिवस मैदान आणि मध्ये कधीतरी वैयक्तिक मुलाखत. मुलाखतीचा सगळा डोलारा तू पहिल्या दिवशी भरलेल्या माहितीच्या फॉर्मवर उभा असतो, ज्याला पीआयक्यू म्हणतात. त्यात ‘एनसीसी नेव्हल विंग, बोट पुलिंग’ असं लिहिलंस की पुढचा प्रश्न ठरलेला : व्हेलरला वल्ही किती, तू कुठल्या जागेवर बसायचास, ताल कोण धरतो? तीन वर्षं बोटीत बसूनही उत्तर न देता येणारा कॅडेट बघितला की समोरच्याला कळतं, हा सर्टिफिकेटासाठी आला होता. मघाशी वल्ह्यांचं एवढं पुराण लावलं ते यासाठी. पाचव्या दिवशी कॉन्फरन्स, तिथे दोन-तीन मिनिटं सगळ्या परीक्षकांसमोर जायचं असतं, काळजीचं काही नाही.

एसएसबीत ‘रेकमेंड’ झालास, म्हणजे त्यांनी तुला पसंत केलं, म्हणजे वर्दी मिळाली असंही नाही. त्यानंतर मेडिकल, मग देशभरच्या सगळ्या रेकमेंड झालेल्यांची गुणवत्ता यादी, आणि जागा असतील तितक्यांनाच जॉइनिंग लेटर. रेकमेंड होऊनही यादीत खाली राहिलेली मुलं दर वर्षी असतात. त्यामुळे शेवटच्या वर्षी कॅम्पसच्या मुलाखती सोडू नकोस, त्या दे. एनसीसी घेतल्यानं नौदलात जाण्याचं कसलंही बंधन तुझ्यावर पडत नाही, हेही बाबांना सांग. पगाराचं ते विचारतीलच : सब-लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, वर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे, महागाई आणि बाकीचे भत्ते वेगळे. प्रशिक्षण केरळात कन्नूर जिल्ह्यातल्या एळिमलाला, पय्यन्नूर स्टेशनाजवळ. बडोद्यावरून जाणाऱ्या केरळच्या गाड्या कोकण रेल्वेनं त्याच किनाऱ्यानं उतरतात.

शेवटी कागद. दिसायला क्षुल्लक, पण मुलं परत पाठवली जातात ती यावर. ग्रेड पॉइंटचे टक्के करायचं विद्यापीठाचं अधिकृत सूत्र छापील हवं, ते युनिवर्सिटीच्या कार्यालयातून आधीच आणून ठेव. प्रत्येक सेमिस्टरची मूळ गुणपत्रिका जपून ठेव. एसएसबीला त्या प्रकारच्या कमिशनसाठी पहिल्यांदाच जात असशील तर थ्री-टियर एसीचं भाडं परत मिळतं, त्यासाठी तिकीट आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स सोबत ने.

आणि नाव. गुजरात बोर्डाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग तुझं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं उलटं असतं, आणि आपल्या मराठी आडनावांचं गुजरातीतून इंग्रजी होताना ‘व’चा ‘वी’ की ‘डब्ल्यू’ हा गोंधळ वेगळाच. एनसीसीचा नोंदणी फॉर्म कॅडेट घाईत मैदानावर उभं राहून भरतो, त्यात जे स्पेलिंग पडतं तेच तीन वर्षांनी ‘सी’ सर्टिफिकेटवर छापून येतं. दहावीच्या गुणपत्रिकेशी ते जुळलं नाही तर दुरुस्तीसाठी युनिट, ग्रुप आणि अहमदाबादचं संचालनालय असा कागदाचा प्रवास सुरू होतो, आणि नेमकी तेव्हाच जाहिरातीची मुदत संपत आलेली असते. फॉर्म भरायला जाताना दहावीची गुणपत्रिका खिशात ने आणि एकेक अक्षर त्यावरून उतर.